तसाच आणि तोच : वस्तुरूप पुराव्यातील भेदांचा इतिहास

नाशिकच्या पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. ते इ. स. १७४७ मध्ये बांधले गेले. त्याच्या दर्शनी भागी टांगलेल्या प्रचंड घंटेवर १७२१ हे साल ओतलेले आहे. चिमाजी आप्पाच्या सैन्याने १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि तेथील चर्चांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून महाराष्ट्रातील निरनिराळ्या देवळांत गेल्या, असे परंपरा सांगते. नारोशंकराची घंटाही त्यांपैकीच एक मानली जाते.

आता अशी कल्पना करावी की, वसईच्या उत्तरेकडील आगाशीलगतच्या नंदाखाल गावच्या एखाद्या जिज्ञासू गृहस्थाने ही घंटा पाहून विचारले, ‘ही आमच्या चर्चची तर नव्हे?’ नंदाखालचे पवित्र आत्म्याचे चर्च पोर्तुगीज अमदानीपासूनचे आहे. तेव्हा प्रश्न अगदीच निराधार म्हणता येणार नाही. त्याला उत्तर काय द्यावयाचे? घंटेचा धातू, तिचा घाट आणि तिच्यावरील ओतकाम यांवरून ती युरोपीय धर्तीची आहे, एवढे सांगता येईल. सालावरून ती वसई पडण्यापूर्वीची आहे, हेही सांगता येईल. आणि परंपरेशी ते जुळते. परंतु वसई प्रांतातील चर्चांची संख्या लक्षात घेता ही दोन्ही विधाने कितीतरी घंटांविषयी सारखीच करता येतील. नंदाखालच्याच मनोऱ्यावरची ही घंटा, असे म्हणावयाचे तर तिच्यावर केवळ तिचीच अशी एखादी खूण हवी, आणि तीच खूण नंदाखालच्या बाजूलाही कोठेतरी आधीपासून नोंदलेली हवी. एका बाजूची खूण कितीही ठळक असली, तरी दुसरी बाजू कोरी असेल तर ती मुकीच राहते.

गुन्ह्याच्या शोधात सापडणाऱ्या वस्तूंचे वर्गीकरण ज्या शास्त्रात होते, त्या न्यायवैद्यकादी शास्त्रांचा पहिला भेद हाच आहे. काही लक्षणे वस्तू कोणत्या जातीची हे सांगतात. काही लक्षणे ती वस्तू नेमकी कोणती हे सांगतात. आपल्याकडील नैयायिकांनी पदाच्या अर्थाचा विचार करताना जाती आणि व्यक्ती असा जो भेद केला, तो येथे सहज उपयोगी पडतो. म्हणून या लक्षणांना जातिलक्षणे व व्यक्तिलक्षणे म्हणावयास हरकत नाही. परंतु मराठी बोलणाऱ्यास तेवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. ‘तो’ हे सर्वनाम आणि त्यापासून साधलेले ‘तसा’ हे विशेषण यांत हा सारा भेद सामावला आहे. ‘हा सुरा तसाच आहे’ आणि ‘हा सुरा तोच आहे’ या दोन वाक्यांत अक्षरांचा फरक थोडा, पण एखाद्या माणसाच्या गळ्याभोवती फास पडणे न पडणे त्यावर अवलंबून राहू शकते. साक्षीदाराने पिंजऱ्यात ‘बांगडी माझीच’ म्हटले की ‘माझ्या बांगडीसारखी’ म्हटले, हे वकील उलटतपासणीत पुन्हा पुन्हा विचारतात, ते उगीच नव्हे.

वस्तूंवरून गुन्हेगार ओळखावा ही कल्पना नवी नाही. याज्ञवल्क्याने व्यवहारातील प्रमाणे सांगताना लिखित, भुक्ती आणि साक्षी ही तीन मोजली व ती नसतील तेथे दिव्य सांगितले. या यादीत वस्तूला जागा नाही. पण तोच स्मृतिकार चोरीच्या प्रकरणात येतो तेव्हा चोर कशावरून धरावा हे सांगताना ‘लोप्त्र’ म्हणजे चोरीचा माल आणि ‘पद’ म्हणजे पावलांचा माग यांचा उल्लेख करतो. त्यांच्याच जोडीला पूर्वी गुन्हा केलेला आणि ज्याचे राहण्याचे ठिकाण संशयास्पद आहे तो, असेही दोन घालतो. ही यादी पोलिसाची आहे, न्यायाधीशाची नव्हे. धरण्यास पुरेशी असलेली खूण दोषी ठरविण्यास पुरेशी असतेच असे नाही, ही जाणीव स्मृतिवाङ्मयात स्वतंत्रपणे आढळते. नारदाने एकीकडे हाती कोलीत असलेला तो आग लावणारा, हाती शस्त्र असलेला तो घातक, अशी साक्षीदारांवाचून सिद्ध होणारी प्रकरणे सांगितली. आणि दुसरीकडे चोर नसतानाही चोर ठरलेल्या माण्डव्याचा दाखला देऊन सावधही केले. महाभारताच्या आदिपर्वातील ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. चोरांनी लुटीचा माल माण्डव्याच्या आश्रमात दडविला. मौनव्रती ऋषी काही बोलला नाही. माल सापडला आणि राजाने त्याला सुळावर चढविले. माल तोच होता, त्याविषयी शंका नव्हती. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. ‘हा माल तोच’ या विधानातून ‘हा माणूस तोच’ हे विधान काढले गेले.

पावलांच्या मागाची पद्धत मराठी मुलुखात पुष्कळ काळ जिवंत होती. गावचा जागल्या किंवा रामोशी चोराचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गावात शिरला की त्या गावच्या जागल्याने तो पुढे न्यावयाचा. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलुखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या पहारेकऱ्याच्या या कामाचे वर्णन आहे. माग जेथे संपेल त्या गावावर जबाबदारी येई. म्हणजे पाऊल कोणाचे हे ठरविण्याची या व्यवस्थेला फारशी निकड नव्हती. ते कोणत्या गावात शिरले एवढे तिला पुरे. पाऊल गावापुरते बोलत असे, माणसापुरते नाही, आणि दंडही त्याच मापाने गावावर पडे.

याहून बोलका दाखला मराठेशाहीतील महजरांत मिळतो. वतनाचा वाद गोतसभेपुढे आला की निवाड्याच्या कागदावर जमलेल्यांच्या साक्षी पडत. ज्यांना लिहिता येई ते सही करीत; इतरांच्या नावापुढे निशाणी काढली जाई. कुणब्याची निशाणी नांगर, वाण्याची तराजू, याप्रमाणे ज्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार. आता नांगराच्या चित्रावरून निशाणी करणारा कुणबी आहे हे कळते. तो कोण हे कळत नाही. एकाच महजरावर पाच पाच नांगर असू शकतात. निशाणी म्हणजे आजच्या भाषेत निव्वळ जातिलक्षण, आणि येथे ‘जाती’ हा शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो. त्या समाजाला ती पुरत होती, कारण नांगरामागचा माणूस कोण हे चित्राने नव्हे, तर भोवती बसलेल्या गोताने सांगावयाचे होते. ओळख कागदात नसे, सभेत असे.

ब्रिटिश अंमलात ही सभा मोडली आणि ओळख कागदातच आणण्याची गरज पडली. नांगराची जागा अंगठ्याने घेतली. खेड्यापाड्यांतील खतांवर ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’ हे शब्द लिहिले जाऊ लागले. शब्द ‘निशाणी’ तोच राहिला. त्याखालची वस्तू मात्र आरपार बदलली. भाषेत असे नेहमी घडते. जुना शब्द नव्या वस्तूला चिकटतो आणि दोहोंमधले अंतर दिसेनासे होते. नांगराची निशाणी शंभर जण काढू शकत होते. अंगठ्याच्या रेषा एकाच माणसाच्या.

हा पालट घडविणारा इतिहास मुख्यतः बंगालमधला आहे. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून रस्त्याच्या खडीच्या करारावर हाताच्या पंजाचा छाप घेतला. उद्देश शास्त्रीय नव्हता. ठेकेदाराने पुढे सही नाकबूल करू नये म्हणून दाखविलेला तो धाक होता. फ्रान्सिस गाल्टनने १८९२ साली या रेषांवर ग्रंथ लिहिला. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी ठशांच्या वर्गवारीची पद्धत बसविली. तिला नाव मात्र हेन्रींचे मिळाले. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे कार्यालय सुरू झाले.

त्याच वर्षी जलपाईगुडी जिल्ह्यातील एका चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला आणि त्याची पेटी फोडलेली आढळली. हे प्रकरण ठशांच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते, पण त्यातील खरी शिकवण बहुधा अर्धीच सांगितली जाते. संशय अनेकांवर होता. स्वयंपाक्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. धन्याच्या जेवणासाठी कबुतर मारले त्याचे ते रक्त, असे त्याचे म्हणणे. रासायनिक परीक्षकाच्या अहवालाने त्याला दुजोरा दिला. पक्ष्याच्या रक्तातील तांबड्या पेशींत केंद्रक असते आणि माणसाच्या पेशींत नसते. सूक्ष्मदर्शकातून हा भेद तेव्हाही दिसू शकत होता. डाग कोणत्या कबुतराचा हे कोणी विचारले नाही; विचारण्याची गरजच नव्हती. येथे नुसत्या जातिलक्षणाने एक माणूस सुटला. हे आवर्जून सांगण्याचे कारण असे की, जातिलक्षणांना दुय्यम पुरावा समजण्याची चाल पडली आहे. वस्तुस्थिती अशी की, जोडण्याच्या कामी ती दुबळी असली तरी तोडण्याच्या कामी फार समर्थ असतात. ‘तसाच’ वरून ‘तोच’ निघत नाही. पण ‘तसा नाही’ यावरून ‘तो नाही’ हे निःसंशय निघते.

दुसरीकडे, मयताच्या खोलीत सापडलेल्या एका बंगाली पंचांगावर तपकिरी डाग होते आणि त्यांत एका बोटाच्या रेषा दिसत होत्या. कांगाली चरण नावाच्या जुन्या नोकराला पूर्वी चोरीबद्दल शिक्षा झालेली असल्याने त्याचे ठसे कार्यालयात होते. पंचांगावरील ठसा त्याच्या उजव्या अंगठ्याचा निघाला. नंदाखालच्या घंटेला जी दुसरी बाजू मिळत नाही, ती येथे आधीच नोंदलेली होती. १८९८ मध्ये खटला चालला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले आणि खुनाच्या आरोपातून सोडले. आजच्या वाचकाला हा निर्णय भित्रा वाटण्याचा संभव आहे. पण त्याचे तर्कशास्त्र पाहिले पाहिजे. ठशाने सांगितले ते एवढेच की हा माणूस तेथे होता आणि त्याने त्या कागदाला हात लावला. सुरा कोणी चालविला, या प्रश्नाचे उत्तर अंगठ्याच्या रेषांत नव्हते. व्यक्तिलक्षण कितीही निर्णायक असले तरी ते आपल्याच प्रश्नापुरते निर्णायक असते. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बोटांच्या ठशांविषयी तज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले.

रक्ताच्या परीक्षेचा इतिहास म्हणजे ‘तसा’ पासून ‘तो’ पर्यंतचा संथ प्रवास होय. मुंबई इलाख्यातही खून आणि विषप्रयोग यांच्या प्रकरणांतील वस्तू सरकारी रासायनिक पृथक्करकाकडे जात. डाग रक्ताचा आहे, तो सस्तन प्राण्याचा आहे, एवढ्यावर त्या काळी गाडी थांबे; आणि ‘बोकड कापला होता’ हा बचाव त्यामुळे अभेद्य होता. १९०१ मध्ये ऊलेनहूट या जर्मन शास्त्रज्ञाने माणसाचे रक्त इतर प्राण्यांच्या रक्तापासून वेगळे ओळखण्याची कसोटी दिली. त्याच साली व्हिएन्नात लँडस्टायनरने रक्तगट दाखविले. बोकड गेला, पण गट एकच असलेली लाखो माणसे राहिली. अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये इंग्लंडात जनुकीय ठशांची रीत शोधली, तेव्हा कोठे रक्ताचा डाग एका माणसापर्यंत पोहोचू लागला. एकाच गर्भबीजापासूनची जुळी भावंडे काय ती अपवाद राहिली.

आता कायद्याकडे वळले पाहिजे, कारण तेथे एक विलक्षण गोष्ट दिसते. जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने रचलेल्या १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यात ‘पुरावा’ या शब्दाची व्याख्या दिली होती. साक्षीदारांची न्यायालयापुढील विधाने आणि न्यायालयाच्या पाहणीसाठी दाखल केलेले दस्तऐवज, म्हणजे पुरावा. रक्ताने माखलेला सुरा, तुटलेली कडी, काडतुसाचे रिकामे नळकांडे, यांना त्या व्याख्येत स्थान नव्हते. वस्तूचा उल्लेख येतो तो साठाव्या कलमाच्या शेवटी, परंतुकाच्या रूपाने. तोंडी पुराव्यात एखाद्या वस्तूच्या अस्तित्वाचा किंवा स्थितीचा उल्लेख आला, तर न्यायालयाला योग्य वाटल्यास ती वस्तू मागवून पाहता येईल. म्हणजे सुरा स्वतः साक्ष देत नाही. त्याच्याविषयी कोणीतरी बोलावे लागते. याज्ञवल्क्याच्या यादीत नसलेली वस्तू स्टीफनच्या व्याख्येतही नसावी, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

मराठीच्या कचेरीभाषेने ही अडचण आपल्या परीने सोडविलेली दिसते. ‘मुद्देमाल’ या शब्दातले ‘मुद्दा’ व ‘माल’ हे दोन्ही घटक अरबीतून फारसीच्या वाटेने आलेले. ज्याच्याविषयी तक्रार चालली आहे तो माल, असा त्याचा मूळचा भाव. चोरीच्या मालाला तो शोभतो. पण खुनाच्या जागेवरचा एक केस, चपलेला लागलेली माती, यांनाही आज मुद्देमालच म्हणतात. त्यामुळे ज्या वस्तूविषयी वाद आहे ती आणि जी वस्तू वादावर प्रकाश पाडते ती, या दोहोंना एकच नाव पडले. ‘पुरावा’ शब्दाचे नाते ‘पुरा’ व ‘पुरविणे’ यांच्याशी आहे. उणे असेल ते भरून काढणारा तो पुरावा. ‘साक्षी’ हा शब्द मात्र पाणिनीने प्रत्यक्ष पाहणाऱ्याला लावला आहे. वस्तू पाहत नाही, म्हणून ती साक्षी नव्हे; ती उणे भरते, म्हणून पुरावा मात्र खरी. दोहोंमधली दरी पंचनाम्याने सांधली जाते. वस्तू कोठे, कशा स्थितीत मिळाली हे पंचांनी पाहावयाचे, मोहोर करावयाची, आणि पुढे तिच्या वतीने न्यायालयात बोलावयाचे. या साखळीतील एखादी कडी निसटली की प्रयोगशाळेतील निष्कर्ष कितीही अचूक असो, तो कोणत्या वस्तूविषयी आहे हेच अनिश्चित होते.

वस्तूची स्थिती हीच कधी कधी वस्तूपेक्षा महत्त्वाची ठरते. नानावटी खटल्यात तसे झाले. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा गोळ्या लागून मरण पावला. पिस्तूल कोणाच्या हाती होते याविषयी वाद नव्हता. झटापटीत गोळ्या सुटल्या असा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या निर्णयात ज्या गोष्टी विचारात घेतल्या, त्यांत आहुजाच्या कमरेचा टॉवेल होता. स्नान करून आलेल्या माणसाने गुंडाळलेला तो टॉवेल मृत्यूनंतरही जागच्या जागी होता. झटापटीच्या हकिकतीशी हे जुळत नव्हते. टॉवेल कोणत्या कापडाचा, कोणत्या दुकानाचा, हे प्रश्न येथे निरर्थक होते. त्याचे बोलणे त्याच्या जातीत नव्हते की व्यक्तित्वातही नव्हते. ते त्याच्या जागेत होते.

परंतु वस्तुरूप पुराव्याच्या भेदांची खरी कसोटी पुण्याच्या दोन प्रकरणांत लागली. दोन्हींत विषप्रयोगाचा आरोप होता, दोन्हींत खालच्या न्यायालयांनी देहान्ताची शिक्षा दिली, आणि दोन्हींचा शेवट एकमेकांच्या अगदी उलट झाला.

पहिले प्रकरण लक्ष्मीबाई कर्वे यांचे. पुण्यातील ही विधवा बाळगून असलेली मालमत्ता चांगली होती, आणि त्यांना मधुमेह होता. डॉ. अनंत चिंतामण लागू हे त्यांचे वैद्यही होते व त्यांच्या व्यवहारांतही लक्ष घालीत. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघे पुण्याहून रेल्वेने मुंबईस निघाले. निमित्त प्रकृती दाखविण्याचे. पहाटे मुंबईस गाडी पोहोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. लागूंनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले आणि नाव सांगितले ते इंदुमती पाऊणशे. शुद्धीवर न येताच त्या दुपारच्या आत वारल्या. मृतदेहावर हक्क सांगण्यास कोणी आले नाही. तो बेवारशी ठरून ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाकडे, विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी म्हणून, गेला. शवविच्छेदन झाले ते मृत्यूनंतर दहाएक दिवसांनी. आतड्यांची रासायनिक परीक्षा झाली. कोणतेही विष आढळले नाही.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रे येऊ लागली. त्यांनी जोशी नावाच्या गृहस्थाशी पुनर्विवाह केला असून जयपूरजवळच्या राठोडी नावाच्या गावी त्या सुखात आहेत, असा मजकूर. ज्या बाईचा देह मुंबईत बेवारशी पडला होता, तीच कागदावर राजस्थानात नांदत होती. तिची मालमत्ता मात्र क्रमाक्रमाने लागूंच्या हाती येत होती. शोध लागला तो पुष्कळ उशिरा.

न्यायालयापुढे प्रश्न उभा राहिला तो असा की, विषच सापडलेले नाही तेथे विषप्रयोग सिद्ध कसा व्हावा? वस्तुरूप पुराव्याच्या दृष्टीने पाहिले तर फिर्यादीची बाजू जवळजवळ रिकामी होती. जातिलक्षण नाही, कारण कोणत्या जातीचे विष हेच माहीत नाही. बाटली नाही, सुई नाही. बचावाचे म्हणणे सरळ होते : बाई मधुमेही होती, मधुमेहाच्या मूर्च्छेत गेली. रुग्णालयाच्या कागदांतही मृत्यूचे कारण तसेच नोंदलेले. पुण्याच्या सत्र न्यायाधीशांनी लागूंना दोषी धरले, मुंबई उच्च न्यायालयाने ते कायम केले, आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. पण एकमताने नव्हे. न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निर्णयाशी न्या. सरकार सहमत नव्हते.

बहुमताचा विचार असा चालतो. रसायनशास्त्राला प्रत्येक विष शोधता येत नाही. काही विषे मागमूस ठेवीत नाहीत, काही देह सडू लागताच नाहीशी होतात. तेव्हा पृथक्करणात विष न सापडणे म्हणजे विष नव्हते असे नव्हे. रोगाची लक्षणे मधुमेही मूर्च्छेशी जुळत नाहीत. ज्याने रुग्णाला आणले त्याने खोटे नाव सांगितले, देहाची वासलात लागेल अशी तजवीज केली, मेलेल्या बाईला पत्रांतून जिवंत ठेवले आणि तिचे धन घेतले. वैद्याला विष मिळणे व देणे दोन्ही सुकर. या सर्वांचा एकत्र अर्थ एकच निघतो. उलट बाजूने विचारावयाचे ते असे : खोटे नाव आणि खोटी पत्रे ही लोभाची आणि लबाडीची चिन्हे खरीच, पण ती मृत्यूनंतर साधलेल्या संधीशीही जुळतात. मृत्यू विषानेच झाला, ही पहिली पायरी त्यांनी भरून येते काय? तीन न्यायाधीशांत फूट पडली ती नेमकी या पायरीवर, आणि ज्याला ही फूट नुसती तांत्रिक वाटेल त्याने माण्डव्याच्या कथेची पुन्हा आठवण करावी. तथापि लागू-प्रकरणी बहुमताचेच पारडे जड वाटते, आणि ते एका कारणासाठी : येथे वस्तू नाहीशी होणे ही निसर्गाची करणी नव्हती. ओळख पुसण्याचा प्रत्येक प्रयत्न एकाच हाताचा होता. ज्या बाईचे नाव, वारस आणि देह तिघांचीही वाट लावली गेली, तिच्या बाबतीत पुराव्याची उणीव हीच एक वस्तू होऊन बसली.

दुसरे प्रकरण शरद बिरधीचंद सारडा यांचे. १९८२ च्या जूनमध्ये पुण्यात त्यांच्या नवविवाहित पत्नीचा मृत्यू झाला. लग्नाला चारच महिने झाले होते. येथे विष सापडले. पोटॅशियम सायनाइड, त्याच्या जातीविषयी शंका उरली नाही. लागू-प्रकरणात ज्या गोष्टीसाठी इतका खल झाला, ती येथे आयती हाती आली. तरीही १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडले. विष कोणते हे कळले. ते आरोपीजवळ होते हे सिद्ध झाले नाही, आणि ते दुसऱ्याने दिले की तिने स्वतः घेतले याचाही निर्णय होऊ शकला नाही. तिने आपल्या बहिणीस व मैत्रिणीस लिहिलेल्या पत्रांतून तिच्या मनाची जी अवस्था दिसली, तीवरून आत्मघाताची शक्यता न्यायालयाला दूर सारता आली नाही. न्या. फझल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे या निर्णयात मांडली व त्यांना पंचशील म्हटले. पुढील असंख्य खटल्यांत ती उद्धृत झाली.

दोन्ही प्रकरणांत पत्रे आहेत, आणि भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष तेथे जाणारच. पत्र ही वस्तू आहे आणि विधानही आहे. लागू-प्रकरणातील पत्रे विधान म्हणून खोटी होती, आणि ती खोटी होती म्हणूनच वस्तू या नात्याने त्यांना मोल आले : प्रश्न मजकुराचा नव्हता, ती लिहविली कोणी हा होता. सारडा-प्रकरणातील पत्रे खऱ्या हाताची होती. तेथे कागद आणि शाई यांविषयी कोणाला काही विचारावयाचे नव्हते, सारा वाद मजकुरातील दुःखाचा अर्थ लावण्याचा होता. कायद्याच्या व्याख्येत दोन्ही ‘दस्तऐवज’.

हान्स ग्रोस या ऑस्ट्रियन दंडाधिकाऱ्याने १८९३ मध्ये गुन्हेशोधावर जो ग्रंथ लिहिला, तो इंग्रजीत प्रथम आला तो मद्रासेत, १९०६ साली, हिंदुस्थानातील अधिकाऱ्यांसाठी. म्हणजे या शास्त्राची ओळख आपल्याकडे पाश्चात्त्यांच्या मागून फार उशिरा झाली असे नाही. मुंबईत कालिना येथे आज न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, राज्यात इतरत्रही तिच्या शाखा आहेत, आणि माती, काच, तंतू, रंग, रक्त यांचे अहवाल तेथून निघतात. या अहवालांत ‘जुळते’, ‘सुसंगत आहे’, ‘त्याच मूळ स्रोताचे आहे’ अशा शब्दांत मोठे अंतर असते. मातीचे दोन नमुने जुळतात म्हणजे ते तसेच आहेत. फुटलेल्या काचेचे दोन तुकडे कडेला कड लावून बसतात तेव्हा ते एकाच काचेचे असतात. इंग्रजी अहवालाचे मराठी तोंडी भाषांतर होताना हे अंतर पुष्कळदा गळून पडते आणि साऱ्यांचा ‘मॅच झाले’ असा एकच सपाट शब्द उरतो. वृत्तपत्रे तोच उचलतात.

१८७२ चा कायदा १ जुलै २०२४ पासून गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ त्याच्या जागी आला. इलेक्ट्रॉनिक नोंदींना त्यात विस्ताराने जागा मिळाली. पुराव्याच्या व्याख्येत विधाने आणि दस्तऐवज हीच दोन अंगे राहिली. सुरा अजून बाहेरच आहे. त्याच्या वतीने बोलावयास पंच लागतात. जप्त मुद्देमालाच्या पुडक्यावर त्यांच्या सह्यांची चिठ्ठी डकवली जाते, आणि ज्या पंचाला सही येत नाही त्याचा तेथे अंगठा असतो.